केंद्रप्रमुखाची खात्री

वाशीमपासून थोड्या अंतरावर एक सिंचन तलाव आहे. त्याच्या काठी दर उन्हाळ्यात एक शर्यत होते. साडेसातशे मीटर पोहायचं, चाळीस किलोमीटर सायकल चालवायची आणि आठ किलोमीटर धावायचं. सुरुवात सकाळी सहाला, शेवट साडेदहाला. साडेदहानंतर येणाऱ्याचं नाव यादीत नसतं. त्याने धावत यावं की चालत यावं, हा त्याचा खासगी प्रश्न.

शर्यत भरवतात एक निवृत्त क्रीडाशिक्षक. गळ्यात शिट्टी, हातात पुठ्ठ्याला लावलेली यादी, डोक्यावर पांढरी टोपी. त्यांना सगळे सर म्हणतात, त्यांच्या वयाचे लोकसुद्धा. शर्यत उन्हाळ्यातच का, असं कोणी विचारलं की ते म्हणतात, “हिवाळ्यात कोणीही पळेल.”

मी जिल्ह्यातल्या एका दैनिकात पानं लावतो. बातमीदारांनी पाठवलेल्या मजकुरातल्या तारखा, वेळा आणि अंतरं तपासणं हे माझं काम. मागच्या वर्षी मी या शर्यतीत उतरलो होतो. धावण्याच्या पाचव्या किलोमीटरला एका बाभळीखाली बसलो, मग आडवा झालो. बाभळीला सावली असते अशी तेव्हा माझी समजूत होती. तिथून तलावापर्यंतचा प्रवास शेणखताच्या रिकाम्या ट्रॉलीतून झाला. दुपारी कचेरीत पोचलो आणि शर्यतीची बातमी मीच लिहिली. तिचं शेवटचं वाक्य असं होतं: ‘एका स्पर्धकाने शर्यत अर्ध्यावर सोडली.’ कोणी सोडली ते लिहिलं नाही. त्याची गरजही नव्हती. ट्रॉली शेजारच्या गावाच्या भर बाजारातून आली होती.

म्हणून या वर्षी एकच गोष्ट हवी होती. साडेदहाच्या आत, स्वतःच्या पायांनी, ती चुन्याची रेघ ओलांडायची.

ट्रॉलीच्या प्रकारानंतर सरांनी नियम कडक करायचं ठरवलं आणि ते लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी अकरा नियम लिहिले. नववा असा: कोणत्याही स्पर्धकाने बाहेरच्या व्यक्तीकडून अन्न, पाणी किंवा मदत घेतल्यास तो बाद. दहावा: सायकलच्या वळणावर अधिकृत पाणी केंद्र राहील आणि तिथे एकाला जे दिलं जाईल तेच सर्वांना दिलं जाईल. अकरावा खास माझ्यासारख्यांसाठी होता. स्पर्धकाने केंद्रावर थांबावं, दोन्ही पाय जमिनीला टेकवावेत आणि पोटात काहीतरी घ्यावं. स्पर्धक पुढे जाण्याच्या अवस्थेत आहे अशी केंद्रप्रमुखाची खात्री झाल्यावर केंद्रप्रमुखाने नोंदवहीत त्याच्या नावापुढे सही करावी. सही नसलेल्या स्पर्धकाला अंतिम रेषा ओलांडू दिली जाणार नाही. नोंदवहीत मी एक ‘शेरा’ असाही रकाना आखून दिला.

सरांना नियम आवडले. मलाही आवडले. ‘खात्री’ हा शब्द मोघम आहे, हे मात्र ध्यानात आलं नाही. वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या मजकुरातले असलेच शब्द खोडत आलो आहे.

या वर्षी अधिक ज्येष्ठ आला होता. धोंड्याच्या महिन्यात लग्नं होत नाहीत. म्हणजे मंडपवाला रिकामा, खुर्च्या रिकाम्या, ध्वनिक्षेपकही रिकामा. सरांनी हा हिशेब बरोबर मांडला आणि शर्यत अधिकातल्या एका रविवारी ठेवली. धोंड्याच्या महिन्यात लग्नं होत नाहीत, पण झालेल्या लग्नांची आठवण ठेवली जाते. लेक आणि जावई बोलावायचे, जावयाला पाटावर बसवायचं, पाय धुवायचे, कुंकू लावायचं, पुरणाचे धोंडे तुपात बुडवून खाऊ घालायचे आणि अंगावर कपडा द्यायचा. दर तीन वर्षांनी हा योग येतो.

माझं लग्न झाल्यापासून तो तीनदा येऊन गेला होता. एकदा मतमोजणी होती, एकदा कोरोना होता आणि एकदा पुराची पानं होती. तिन्ही वेळा मी फोनवरून माफी मागितली. माझे सासरे शेलूबाजारच्या अलीकडे एका फाट्यावरच्या गावात राहतात, स्वतःची शेती करतात आणि कोणाला उलटून बोलत नाहीत. पण फाट्यावरच्या पानठेल्यावर लोक त्यांना विचारू लागले होते, जवाई रुसला काय म्हणून. हे मला बायकोने सांगितलं. तीन वेळा सांगितलं.

अधिक लागल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला.

“जवाईबापू, कोणता रविवार धरू?”

“मामाजी, रविवारी सकाळी पोहण्याचा सराव असतो. दुपारपासून पानं.”

“मंग सोमवार?”

“सोमवारी सायकल.”

“मंगळवारी काय करता, उडता?”

मी म्हणालो, “शर्यत झाली की येतो, मामाजी. नक्की.”

“कवा हाये ते शर्यत?”

मी तारीख सांगितली. पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. “तो तर शेवटचा रविवार हाये. दुसऱ्या दिवशी अवस. अवसेले आमी जवाई जेवू घालत नाई.”

मी पंचांग पाहिलं नव्हतं. तारखा तपासणं हे माझं काम आहे, हे वर आलंच आहे.

“शर्यत झाल्यावर त्याच दिवशी या मंग.”

“एक वाजता कचेरीत जायचंय, मामाजी. शर्यतीची बातमी मलाच करायची आहे. रजा सगळ्या सरावात संपल्या.”

त्यांनी पंचांग मिटलं. मग म्हणाले, “हे सायकल तुमची कुठवर येते मने?”

“तुमच्या फाट्यापर्यंत. कडुलिंबाच्या झाडाला वळसा घालून परत.”

“म्हंजे दारावरून जाणार आन घरात नाई येणार.”

मी त्यांना नववा नियम समजावला. नातेवाइकाच्या हातचं साधं पाणी घेतलं तरी बाद.

“घरचं पाणी बाहेरचं कसं काय?”

मी म्हणालो की पाणी फक्त अधिकृत केंद्रावरचं चालतं.

“ते केंद्र कोणाचं राह्यते?”

“सर ठरवतात. त्या गावातलं कोणी तयार असेल तर त्याला देतात.”

“बरं,” ते म्हणाले आणि फोन ठेवला.

कोणी नुसतं ‘बरं’ म्हणालं की पुढचा प्रश्न विचारायचा असतो. बातमीदारीत पहिल्याच महिन्यात हे शिकवतात.

शर्यतीच्या दोन दिवस आधी बायको माहेरी गेली. आईला थोडी मदत हवी आहे, म्हणाली. कसली, ते मी विचारलं नाही. ती जाताना फक्त एवढं म्हणाली, “शनिवारी रात्री जास्त जेवू नका.” मला तो सल्ला शर्यतीबद्दलचा वाटला.

रविवारी सकाळी तलावाच्या काठी एकतीस स्पर्धक जमले. मृग लागून आठवडा झाला होता, पण आभाळ कोरडं होतं आणि आदल्या दिवशी पारा त्रेचाळीसवर होता. हा आकडा सावलीतला असतो. शर्यतीच्या मार्गावर सावली नसल्यामुळे तो कोणाच्या कामाचा नव्हता.

माझ्या शेजारी एकसष्ट वर्षांचे एक काका उभे होते. एसटीत बत्तीस वर्षं वाहक होते. निवृत्तीनंतर बसून राहावेना म्हणून शर्यतीत आले, असं ते सांगत. बत्तीस वर्षं उभं राहून काढलेल्या माणसाने बसून न राहण्याची तक्रार करावी, हे मला पटत नसे.

“साहेब, पाणी कुठी हाये?” त्यांनी विचारलं.

प्रश्न रास्त होता. तलाव आटत गेला होता आणि पाणी काठापासून शंभर-दीडशे पावलं आत सरकलं होतं. मधल्या गाळावर एका शेतकऱ्याने टरबुजं लावली होती. वेलांच्या दोन ओळींमधून चुन्याने वाट आखली होती आणि तो शेतकरी तिच्या कडेला काठी घेऊन उभा होता. शिट्टी वाजली. आम्ही धावलो आणि दहाव्या पावलाला पोटरीपर्यंत रुतलो.

“वेलावर पाय देऊ नका बापा,” शेतकरी म्हणाला. “शर्यत तुमची हाये, टरबूज माह्यं हाये.”

“पुढे सरका, पुढे सरका,” काका मागून म्हणत होते. “आत जागा हाये.”

पाण्यात दोन मासेमार आपापल्या होड्या घेऊन आमच्यावर लक्ष ठेवत होते. पाणी वरून कोमट आणि खाली चिखलाचं होतं. डोळे उघडे ठेवले काय, मिटले काय, सारखंच दिसत होतं. मी होडीच्या आवाजावरून दिशा धरली. बाहेर आलो तेव्हा घड्याळात सहा छत्तीस झाले होते आणि सगळ्यांचा रंग एक झाला होता. सर पुठ्ठ्यावरच्या यादीत आमचे क्रमांक शोधत होते. छातीवरचे आकडे चिखलाखाली गेल्यामुळे प्रत्येकाला आपला क्रमांक तोंडी सांगावा लागला.

सायकलचा रस्ता सपाट आहे, असं नियमपुस्तिकेत मीच लिहिलं होतं. चारचाकीतून तो सपाटच दिसतो. रुंदीकरणात दोन्ही बाजूंची झाडं गेली होती. शेतं नांगरून उघडी पडली होती आणि काळ्या ढेकळांवरून येणारा वारा सकाळी सातलाच चुलीसमोरून आल्यासारखा लागत होता. तो समोरून येत होता. जाताना समोरून आलेला वारा परतताना मागून येईल, अशा हिशेबावर मी पायडल मारत होतो. शेलूबाजारकडे जाणाऱ्या जीपमधले लोक मान बाहेर काढून पाहत होते. एकाने विचारलं, “भाऊ, गाडी चुकली काय?”

बाराव्या किलोमीटरला काकांच्या चाकात बाभळीचा काटा गेला. मी थांबलो नाही, कारण आठव्या नियमाप्रमाणे मदत करणाराही बाद. काकांनी हात हलवून मला पुढे जायला सांगितलं आणि रस्त्याच्या कडेला बसून पंक्चर काढू लागले. तरीही ते माझ्या मागोमागच फाट्यावर पोचले. माझ्या वेगाबद्दल आणखी काही लिहायची गरज नाही.

सात पस्तीसला मला लिंबाचं झाड दिसलं. झाडाखाली पाट मांडले होते.

पाट मोजले, अकरा होते. प्रत्येक पाटापुढे ताट आणि तांब्या होता. बाजूला चुलीवर पातेलं, पातेल्यापाशी सासूबाई, त्यांच्यामागे गावातल्या सात-आठ बाया. माझी बायको तुपाची वाटी घेऊन उभी होती. एका खुर्चीवर पांढरा सदरा आणि कडक टोपी घालून सासरे बसले होते. त्यांच्या मांडीवर नोंदवही होती आणि खिशाला बिल्ला. बिल्ल्यावर ‘केंद्रप्रमुख’ असं लिहिलेलं होतं. अक्षर सरांचं होतं.

पाटांवर चिखलाने माखलेले सहा स्पर्धक मांडी घालून जेवत होते. सगळ्यांच्या कपाळाला कुंकू आणि गळ्यात दुपट्टा होता.

“या जवाईबापू,” सासरे उठून म्हणाले. “तुमचा दहावा नियम लय चांगला हाये. एकाले देल्लं ते साऱ्याले द्या लागते. म्हनून साराच गाव कामाले लावला.”

“मामाजी, हे पाण्याचं केंद्र आहे.”

“पाणी हाये न. तांब्यात हाये.”

मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, “पायातले बूट काढा. पाय धुवायचे आहेत.”

“मला साडेदहाच्या आत पोचायचंय.”

“मग बोलण्यात वेळ घालवू नका.”

पाय सासऱ्यांनी धुतले. मी नको म्हणालो. ते म्हणाले की हे साऱ्यांचेच धुतले, नियम हाये. हे खरं होतं. सगळ्यांत पुढे असलेली मुलगी मंगरूळपीरकडची होती, पोलीस भरतीची तयारी करत होती. माझ्या सासऱ्यांनी आपले पाय धुतले याने ती बरीच ओशाळली होती, असं नंतर कळलं. मग तिने पाच धोंडे खाल्ले आणि सात वाजून एकोणीस मिनिटांनी सही घेऊन निघून गेली. नोंदवहीतल्या तिच्या नावापुढचा शेरा मी वाचला: ‘उत्तम.’

धोंडा म्हणजे कणकेच्या पारीत भरलेलं पुरण. वाफवलेला, लिंबाएवढा नव्हे, चांगला मुठीएवढा. त्यावर तूप. शर्यतीच्या मध्यावर काय खावं याविषयी मी बरंच वाचलं होतं आणि त्यात याचा उल्लेख नव्हता. पहिला मी चावून खाल्ला. दुसरा गिळला. तिसऱ्यासाठी पाण्याचा उपयोग केला. मग हात धुवायला उठू लागलो.

“तीनवर कोणी उठते काय?” सासूबाई म्हणाल्या.

“मामीजी, सायकल चालवायची आहे.”

“सायकलले काय होते? खाल्लं तर तुमी हाये न.”

शेजारच्या पाटावर काका येऊन बसले होते. त्यांनी पंक्चरचे काळे हात धुतले, कुंकू लावून घेतलं, दुपट्टा नीट केला आणि ताटाकडे पाहिलं. ते जेवू लागले. चौथ्या धोंड्यानंतर त्यांनी बूट काढून झाडाच्या बुंध्याला उभे केले.

“काका, चला,” मी म्हणालो.

“तुमी व्हा पुढे, साहेब. माह्या थांबा आला.”

ते लिंबाखालच्या बाजेवर आडवे झाले. त्यांच्यासारखेच आणखी तिघे तिथे आडवे झाले. चौघांनीही शर्यत कशामुळे सोडली हे विचारल्यावर हवामानाचं कारण दिलं.

मी बूट चढवले. सायकल उचलली. सात सत्तावन्न झाले होते, म्हणजे बावीस मिनिटं गेली होती. “मामाजी, सही,” मी म्हणालो.

“करतो न. तुमी निघा, उशीर होऊन राह्यला,” सासरे म्हणाले आणि नोंदवही मिटली.

मी निघालो. सही झाली की नाही, हे मी पाहिलं नाही. कोणी ‘करतो’ म्हटलं की केल्यावर पाहायचं असतं. हेही पहिल्याच महिन्यात शिकवतात.

वारा फिरला होता. परततानाही तो समोरूनच आला. पहिले पाच किलोमीटर पोटातलं पुरण आणि मी असे दोघे स्वतंत्रपणे प्रवास करत होतो. त्यानंतर काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. पाय चालू लागले एवढं खरं. मी दोघांना मागे टाकलं. त्यातल्या एकाने गळ्यातला दुपट्टा डोक्याला गुंडाळला होता. ते पाहून मीही गुंडाळला. नऊ वाजता तलावावर सायकल टाकली तेव्हा माझ्याकडे नव्वद मिनिटं आणि आठ किलोमीटर होते.

धावायचा रस्ता तलावाभोवतीची पांदण. बैलगाडीच्या चाकोऱ्या, मध्ये वाळलेलं गवत, कुठे भेगा, कुठे दगड. उन्हाने पांदणीवरची माती पिठासारखी झाली होती आणि पुढच्याच्या पायाची धूळ मागच्याच्या तोंडात येत होती. दर किलोमीटरला एक काठी आणि तिला चिंधी. तिसऱ्या चिंधीपर्यंत मी धावलो. चौथ्यापर्यंत धावलो असं म्हणता येईल. पाचव्या चिंधीजवळ ती बाभूळ आहे. तिच्याखाली एक स्पर्धक बसला होता.

“बसा भाऊ,” तो म्हणाला. “सावली हाये.”

“नाही,” मी म्हणालो. “मी पाहिली आहे.”

थांबलो असतो तर पुन्हा उठलो नसतो, याबद्दल शंका नाही. तांब्यातलं उरलेलं पाणी बायकोने निघताना माझ्या दुपट्ट्यावर ओतलं होतं. ते केव्हाच वाळलं होतं. पण दोन पदरी सुती कापड डोक्यावर होतं, आणि मागच्या वर्षी ते नव्हतं. तोही बिचारा माझ्यामागून उठला. समोरच्या वळणावर मला आणखी आठ-दहा जण धावताना दिसले. सगळ्यांच्या डोक्याला एकाच ताग्यातलं कापड, कपाळावर घामाने नाकापर्यंत ओघळलेलं कुंकू. टरबुजाचा शेतकरी बांधावर उभा राहून पाहत होता. त्याने मला थांबवलं नाही, पण विचारलं, “वरात कोणाची हाये?”

दहा एकवीसला मला मंडप दिसला. चुन्याची रेघही दिसली. रेघेवर सर उभे होते. त्यांनी शिट्टी तोंडात धरली, यादी पाहिली आणि हात आडवा केला.

“सही नाही,” ते म्हणाले.

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. सरांनी नोंदवही पुढे केली. सव्वीस नावांपुढे सह्या होत्या. चार नावांपुढे ‘स्वखुशीने थांबले’ असा शेरा होता. माझ्या नावापुढे सहीची जागा कोरी होती आणि शेऱ्याच्या रकान्यात सासऱ्यांच्या ठसठशीत अक्षरात एक ओळ होती: ‘पोट भरलं असं वाटत नाही.’

“सर, नऊ मिनिटं आहेत.”

“नियम अकरा,” सर म्हणाले. “भाषा तुमचीच आहे.”

“केंद्रप्रमुख वीस किलोमीटरवर आहेत.”

“नाहीत. ते तुमच्या मागं आहेत.”

मंडपाच्या कडेला सासऱ्यांची मोटारसायकल उभी होती. नोंदवही घेऊन ते तिच्यावरून आले होते. मागच्या बाजूला काका, काकांच्या एका हातात स्टीलचा डबा आणि दुसऱ्या काखेत पाट.

“एकतीसपैकी एकाची खात्री राह्यली होती,” सासरे म्हणाले. “नोंदवही अर्धवट कशी सोडू?”

मी घामाने आणि धुळीने इतका माखलो होतो की माझा चेहरा कोणाला दिसला नसावा. “मामाजी, इथे? आता?”

“उद्या अवस हाये.”

त्यांनी हे अगदी सावकाश सांगितलं. मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, “तीन डाव नाई झालं, बापू. आज साऱ्या गावानं पाह्यलं तुमी पाटावर बसले. पण घाईत बसले. तीन खाऊन उठले. पाच लागतात.”

काकांनी रेघेच्या एक हात अलीकडे पाट मांडला. मी बसलो. बसताना गुडघ्यांनी जो आवाज केला तो मंडपात ऐकू गेला. डब्यात दोन धोंडे होते, वर तूप. घड्याळ दहा चोवीस दाखवत होतं. बायको येऊ शकली नव्हती, थांबलेले तिघे अजून झाडाखाली जेवत होते म्हणे. ध्वनिक्षेपकावर कोणीतरी माझा क्रमांक सांगितला आणि स्पर्धक जेवण करत असल्याचं जाहीर केलं. पोलीस भरतीवाली मुलगी, जी तासाभरापूर्वीच पहिली आली होती, खुर्ची सोडून जवळ आली.

“तूप आधी बोटानं काढा,” ती म्हणाली. “मग लवकर जाते.”

“हे बाहेरची मदत झाली,” मी तोंड भरलेलं असताना म्हणालो.

“सल्ला आहे,” सर म्हणाले. “सल्ल्याबद्दल नियम नाही.”

चौथा धोंडा दोन मिनिटांत गेला. पाचव्याच्या मध्यावर मी थांबलो. समोर चुन्याची रेघ होती. मागच्या वर्षी मी तिच्यापासून तीन किलोमीटरवर होतो आणि या वर्षी एका हातावर. सासरे माझ्यासमोर उकिडवे बसले होते, नोंदवही गुडघ्यावर, पेन उघडं. ते मला घाई करत नव्हते. त्यांना शर्यतीशी काही देणंघेणं नव्हतं, असं मला महिनाभर वाटत आलं होतं. तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे न पाहता सरांना विचारलं, “सर, किती राह्यले?”

“दोन मिनिटं.”

“बापू,” ते म्हणाले, “उरलेला हातात धरा. पलीकडे जाऊन खा. माह्यी खात्री झाली.”

त्यांनी सही केली. वेळही लिहिली, दहा अठ्ठावीस. काकांनी मला काखेत हात घालून उभं करायला पुढे सरकून पाहिलं, मग नियम आठवून मागे सरकले. मी स्वतःच उठलो. अर्धा धोंडा हातात धरून, डोक्याला दुपट्टा, कपाळावर कुंकवाचा चिखल, अशा अवस्थेत मी रेघ ओलांडली. सरांनी यादीत माझ्यापुढे दहा एकोणतीस असं लिहिलं. बाभळीखालचा स्पर्धक माझ्यामागून मिनिटभराने आला आणि तोही यादीत बसला. तो शेवटचा.

पलीकडे गेल्यावर मी उरलेला अर्धा खाल्ला. सासरे पाहत होते.

एक वाजता मी कचेरीत होतो. बातमी लिहायला घेतली. एकतीस जणांनी भाग घेतला, सत्तावीस जणांनी शर्यत पूर्ण केली, चौघे थांबले. विजेतीचं गाव आणि वेळ लिहिली. वळणावरच्या केंद्राने उत्तम व्यवस्था ठेवल्याचं एक वाक्य लिहिलं. ‘उत्तम’ हे विशेषण आहे आणि बातमीत विशेषणं मी खोडतो. ते ठेवलं. शेवटी नियमांच्या पुढच्या आवृत्तीसाठी एक दुरुस्ती वेगळ्या कागदावर लिहून सरांकडे पाठवली: अकराव्या नियमातला ‘खात्री’ हा शब्द मोघम आहे, त्याऐवजी नेमकं काय ते लिहावं.

संध्याकाळी सरांचा निरोप आला. दुरुस्ती नामंजूर. पुढच्या शर्यतीसाठी सहा गावांनी केंद्र मागितलं आहे आणि सहाही अर्जांत स्पर्धकांना काय जेवू घालणार ते लिहिलेलं आहे.